पोटाचे सर

पहिल्या भेटीत त्यांनी मला जो प्रश्न विचारला, तो मी माझ्या आईलाही बरेच दिवस सांगितला नव्हता. मी वडवणीला नवीन मास्तरीण म्हणून आले होते, खोली बघत फिरत होते, आणि कुणीतरी या घराचा पत्ता दिला होता. दारात एक उंच, वाळका म्हातारा खुर्ची टाकून बसलेला. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. आपल्याकडे घरमालक आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि आडनावावरून जे कळायचं ते कळलं की भाडं सांगतो. यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "सकाळी पोट साफ होतं का?"

मी पर्स काखेत घट्ट धरली आणि मागे वळणार, तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, "घाबरू नको माय. ते समद्यांनाच इचारतेत. ये आत." त्या आवाजाच्या, म्हणजे काकूंच्या, भरवशावर मी त्या घरात शिरले आणि बदली होईपर्यंत तिथंच राहिले.

ते हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झाले होते. गावात त्यांना आडनावानं कुणी ओळखत नसे. 'पोटाचे सर' म्हटलं की कुणीही बरोबर त्यांच्या दारात आणून सोडायचं. बाकीचे लोक रस्त्यात भेटले की राम राम घालतात. सर म्हणायचे, "झालं का?" आणि लोकही "झालं सर, झालं," म्हणून पुढं सरकायचे. बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर भाजीला जाणं म्हणजे मला शिक्षा वाटे. एक मिरचीवाली बाई तर त्यांना लांबून बघितलं की स्वतःच हाक मारून सांगायची, "झालं बगा सर, सकाळीच झालं." मग अख्खी ओळ हसायची. सरांना त्यात थट्टा दिसत नसे. हजेरी घेतल्यासारखी मान हलवून ते पुढच्या पालापाशी जायचे. माझी मान मात्र खाली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाला बाहेरून जे जे काही होतं, ते आधी आत पोटात झालेलं असतं. शिंका, खाज, पुरळ, डोळ्यांतून पाणी, सगळ्याचा उगम पोट. "मॅडम, कातडं म्हणजे पोटाचा नोटीस बोर्ड," ते म्हणायचे. मराठीनंही त्यांना साथ दिली होती. छातीत जळजळलं तरी आपण पित्त झालं म्हणतो आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्त उठलं म्हणतो. सर विचारायचे, "आपले पूर्वज काय येडे होते का, दोन रोगांना एकच नाव द्यायला? शब्दातच निदान आहे." आमच्या शाळेतल्या शिपायाला एकदा असंच पित्त उठलं. मेडिकलवाल्याला वाटलं जळजळ होतेय. त्यानं तसली पुडी दिली, आणि तो बिचारा ती पाण्यात घालून पीत, पाठ भिंतीला घासत बसला. हे कळल्यावर सर खूश. "त्याला गुण येणार," म्हणाले. आलाही. गांधी तशाही थोड्या वेळानं आपल्या आपण बसतात, पण हे त्यांना सांगायला कोण जाणार.

माझ्यावरही त्यांनी प्रयोग केला. पाऊस सरता सरता गावाभोवती गाजरगवत कमरेएवढं वाढतं. ते फुललं की सकाळी उठल्यापासून मला शिंका सुरू व्हायच्या. सर खिडकीशी येऊन उभे राहिले. "नाक शिंकत नसतं मॅडम, पोट शिंकतं." त्यांनी माझा चहा बंद केला, दही बंद केलं, शेंगदाण्याची चटणी बंद केली. डोकं दुखून मी बेजार झाले, शिंका होत्या तशाच. दिवाळीच्या सुट्टीत आईकडे गेले आणि चकल्या, लाडू, चहा, जे समोर येईल ते खाल्लं. तिकडं गाजरगवत नव्हतं, एकही शिंक आली नाही. परत येऊन मी हे त्यांना तोऱ्यात सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बघा. इथं केलेलं पथ्य तिथं उपयोगी पडलं." अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी तो नाद सोडला.

पण घरात एक गोष्ट होती, तिला हसता येत नव्हतं. स्वयंपाकघर एकच, आणि शेगड्या दोन. डाव्या बाजूची काकूंची, उजव्या बाजूची सरांची. तवे दोन, पोळपाट दोन, मिठाच्या बरण्यासुद्धा दोन. सर स्वतःची भाकरी स्वतः थापायचे, आणि चांगली थापायचे. स्वतःचा तवा स्वतः घासायचे. त्यांची ज्वारी वेगळी वाळायची, आणि ती वाळेपर्यंत ते गच्चीवर छत्री घेऊन राखणीला बसायचे. आपल्याकडे भाऊ भांडले, सासू-सून पटेनाशी झाली की वेगळी चूल मांडतात. नवरा-बायकोनं न भांडता एकाच ओट्यावर वेगळी चूल मांडलेली मी तिथंच पाहिली.

त्यांना काय चालत नाही यापेक्षा काय चालतं हे विचारणं सोपं होतं, कारण न चालणारं सांगायला बसले की संपत नसे. वांगं पहिलं गेलं. वांगं बिचारं आधीच बदनाम, त्याला कुणी वकील दिला नाही. मग भुईमूग गेला. बीड जिल्ह्यात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, म्हणजे तेव्हाच लोकांचं घर त्यांना परकं झालं. मग आंबट, मग गहू, दूध, तूर. वर्गातून एकेक वांड पोरगं बाहेर काढावं तसं त्यांनी एकेक अन्न ताटातून बाहेर काढलं, आणि शेवटी वर्गात उरले कोण, तर ज्वारी, मूग आणि दुधीभोपळा. उजव्या शेगडीवर रोज तेवढंच शिजायचं. ओट्याला टेकून, खुर्चीवर बसून, भिंतीकडं तोंड करून ते जेवायचे. जेवताना बोलत नसत. पलीकडे काकू आणि मी ताटं घेऊन जमिनीवर बसायचो, आणि आमचंही बोलणं हळू व्हायचं.

काकूंच्या हाताला चव होती. साधी मेथी परतली तरी माझी एक भाकरी जास्त जायची. पण त्या घरात मी सोडून कुणी जेवत नसे, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. शेजारणी यायच्या, पायरीवर बसायच्या, गप्पा मारायच्या. काकूंनी बशी पुढं केली की म्हणायच्या, "आत्ताच जेवून आले बगा." कुणी सकाळी आलं तरी जेवून आलेलं, संध्याकाळी आलं तरी जेवून आलेलं. मला आधी वाटलं या गावात लोक फारच वक्तशीर जेवतात. संक्रांतीला काकूंनी तिळाच्या वड्या केल्या तर त्या बायकांनी पदरात घेतल्या, आणि त्यातल्या काही मला दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या उकिरड्यावर दिसल्या. मी घरी येऊन काही बोलले नाही. काकूंना ते माहीत होतं असं मला आता वाटतं, कारण पुढच्या वर्षी त्यांनी दुकानातला हलवा आणला.

एका रविवारी त्या भाकरी थापत होत्या, मी शेजारी लसूण सोलत बसले होते, सर गच्चीवर ज्वारी राखत होते. मी विचारलं, "काकू, सर तुमच्या हातचं कधीपासून खात नाहीत?"

"लेकीचा साखरपुडा झाला तवापासून." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी पाण्याचा हात फिरवला. "घरातच केलता. पुरणपोळीचा सैपाक. पावण्याची पंगत बसली, हे व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. गुडघे तवाच धरले व्हते, पर ऐटीत बसलते. निम्मं जेवण झालं आन ह्यांच्या गळ्यावर गांधी उठल्या. मंग कानं लाल. मंग वरचा व्हट आसा सुजला की वळखू येईना. आन तसंच माज्याकडं बगून म्हणले, काय घातलंस ह्यात?"

त्या थांबल्या. मला पुढचं सांगायची गरज नव्हती, पण बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या भागात जेवणाबद्दल 'काय घातलं' असं भर पंगतीत, सुजलेल्या तोंडानं विचारलं तर लोकांना मीठमसाला ऐकू येत नाही. त्यांना विष ऐकू येतं, नाहीतर करणी ऐकू येते.

"मला समजलं व्हतं," काकू म्हणाल्या. "हे वर्गात इचारतेत तसं इचारायलेत. जायफळ घातलं का, खोबरं घातलं का. पर विहीणबाईनं हातातला घास ताटात ठेवला आन हात धुतला. कुणी एक शबुद बोललं न्हाई. सोयरीक बी मोडली न्हाई. पोरगी नांदायली सुखात. पर तवापून ते लोक ह्या घरात येतेत ते जेवून येतेत."

"तुम्ही का नाही बोललात काही?"

"काय बोलू? बोलले आसते तर म्हणले आसते, चोराच्या मनात चांदणं. आन मंग ह्यांनी ही येगळी शेगडी मांडली. म्हणले, महिनाभर बगतो काय बाधतंय. त्यो महिना काय सरला न्हाई माय. ह्यांची शेगडी येगळी झाली आन लोकांची खात्रीच पटली."

भाकरी फुगली. त्यांनी ती उतरवली, दुसऱ्या गोळ्याला हात घातला. "नातू येतो. त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन बसवतेत. दुकानातला पुडा चालतो. लेकीला म्हणलं, एक घास भरवू दे. ती म्हणली, आई, सासूबाई बघायल्यात." एवढं सांगून त्या म्हणाल्या, "मला दुसरं काय बी नको. ह्यांनी येकदा त्या लोकांसमोर बसून माज्या हातचं जेवावं. मंग मरण आलं तरी चालंल."

मला सरांचा इतका राग आला की मी तशीच गच्चीवर गेले. ते छत्रीखाली बसून चिमण्या हाकत होते. मी विचारलं, "सर, तुम्हाला माहीत आहे का लोक काकूंबद्दल काय समजतात?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मी फक्त घटक पदार्थ विचारले होते. लोक अडाणी आहेत." मी म्हटलं, "मग लोकांना तसं सांगा." ते म्हणाले, "सांगून काय होणार? शेवटी अन्न बाधलं होतं हे तर खरंच ना. आणि तिनं कधी तक्रार केली नाही." मग ते पुन्हा चिमण्यांकडं वळले. त्यांना आपण काही लपवतोय असं वाटत नव्हतं. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

असा सगळा कारभार चालू असताना शिरूर कासारहून त्यांचा एक जुना विद्यार्थी आमंत्रण घेऊन आला. आईबाप ऊसतोडीला जायचे, हा आत्याकडं वडवणीला राहून शिकला, आणि आता बोअरच्या गाडीचा मालक होता. गावाकडं स्लॅबचं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. सर कुणाकडं जात नसत, पण याला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. "येईन," म्हणाले, "पण माझा डबा घेऊन." विद्यार्थी म्हणाला, "तुमी या सर. मंग डबा आणा, न्हाई तर उपाशी बसा, तुमची मर्जी." काकूंनी मला बरोबर धाडलं. "तू जा संग. न्हाई तर रस्त्यात कंडक्टरची जीभ बगत बसतेल."

सकाळीच सरांनी भाकरी आणि मुगाचं वरण डब्यात भरलं. बीडला गाडी बदलताना त्यांनी स्टँडवर बाटलीतल्या पाण्याबरोबर गुडघ्याची गोळी घेतली. शिरूरला पंगत बसली, बायका वाढायला आल्या, आणि सरांनी पिशवीतून डबा काढला. वाढणारीचा चेहरा पडला. विद्यार्थ्यानं तिला हातानं पुढं जायला सांगितलं. "सर आलेत हेच लई झालं." सगळ्यांमध्ये मांडी घालून, दुसऱ्या कुणाच्या ताटाचा वारासुद्धा लागणार नाही अशा बेतानं डबा मांडीत धरून, सर आपली कोरडी भाकरी जेवले. लग्नाच्या वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखे दिसत होते. मला त्यांची पहिल्यांदा कीव आली.

सुपारी फिरायला लागली तेव्हा ते गळा खाजवू लागले. मग कान लाल झाले. मग वरचा ओठ वर आला. बायका म्हणाल्या दृष्ट लागली, कुणी गेरू आणायला धावलं, कुणी घोंगडी आणली, गांधी उठलेल्या माणसाला घोंगडीत गुंडाळतात म्हणून. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय खाल्लं सरांनी?" सगळ्यांच्या नजरा यजमानीणबाईकडं वळल्या. ती दारात उभी होती, हात परातीत. मी मोठ्यानं सांगितलं, "त्यांनी इथलं काहीच खाल्लं नाही. त्यांचाच डबा खाल्लाय." आणि सरांनी तो रिकामा डबा उचलला आणि त्याच्या तळाशी काही दिसतंय का ते बघू लागले.

विद्यार्थ्यानं जीपमध्ये घालून त्यांना डॉक्टरकडं नेलं, तिथं इंजेक्शन दिल्यावर सूज उतरली. परतीच्या वाटेवर सर डबा मांडीवर धरून बसले होते. त्याचं झाकण दाबत म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याच्या हातचं सोडता येतं. स्वतःच्या हातचं कुठं सोडायचं?" इतक्या वर्षांत भीती अशी त्यांच्या तोंडावर मी पाहिली नव्हती. मुगावर संशय घ्यावा तर उरलंच काय होतं ताटात. त्यानंतर चार घास खाऊन ते उठायला लागले. आधीच वाळका माणूस आणखी वाळला. शेवटी त्यांच्या मुलीनं फोनवर मला विनवलं, आणि मी त्यांना बीडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, सरांचं पोटाचं व्याख्यान त्यांनी मध्ये तोडलं नाही. नुसत्या ऐकत होत्या. मग विचारलं, "काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकही नाही. मी औषध घेत नाही."

"दुखण्याखुपण्याची?"

"तेवढी एक गुडघ्याची. तीपण रोज नाही. घरी खुर्चीवर बसतो, लागत नाही. पंगतीत मांडी घालून बसायचं असलं तरच..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्यांच्याकडं बघत होते आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. त्यांच्या डोक्यात कुठली पंगत चालू होती हे मला कळलं होतं, कारण माझ्याही डोक्यात तीच होती.

डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. काही माणसांना या दुखण्यावरच्या गोळ्या सोसत नाहीत, गांधी उठतात, ओठ सुजतात. शिवाय याच गोळ्या पोटही बिघडवतात, म्हणून मग पोटावर संशय जातो. "पोटाचा आणि ॲलर्जीचा संबंध नाही असं मी म्हणत नाही काका. आहे. पण म्हणून दर वेळी गुन्हेगार ताटातच असतो असं नाही. उलट तुम्ही इतकं सोडलंय, की तुमच्या पोटाला आता सगळंच परकं झालंय. हळूहळू पुन्हा ओळख करून द्या." गोळी बंद करायला सांगितली, थोड्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात अन्नाचं काही निघालं नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, घरचं सगळं थोडं थोडं करून खा.

पहिल्या वेळी परत येताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "हे घरी बोलू नका." मी संतापले. म्हटलं, "मी नाही बोलणार. पण तुम्ही?" ते खिडकीची काच सरकवू लागले. पुढं कितीतरी दिवस उजव्या शेगडीवर मूगच शिजत राहिला. मी भांडी आदळत होते, दारं आपटत होते, काकू विचारायच्या, "शाळंत कुणी बोललं का माय?" मला वाटलं हा माणूस हे मनात ठेवूनच मरणार. चूक कळणं आणि चूक सांगणं यांत केवढं अंतर असतं, हे मी त्या दिवसांत रोज समोर बघत होते. सर 'झालं का?' विचारायचेही बंद झाले होते. बाजारात लोक उगाच वाट बघायचे, आणि ते मान खाली घालून जायचे.

मग धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात. काकू मुलीच्या घरी कपडे धाडायच्या, धोंडे नाही. त्या सकाळी सर खुर्ची ओढून काकूंच्या बाजूला येऊन बसले, जे ते कधी करत नसत.

"जावयाला बोलवू धोंड्याला," म्हणाले. "व्याह्यांना, विहीणबाईंनापण."

"कावून?" काकूंनी मान वर केली नाही. "येत्याल जेवून, बसत्याल घटकाभर."

"मी बसणार आहे पंगतीत."

"बसा की डबा घेऊन."

"डबा नाही. तू करशील ते."

काकूंचा पीठ लागलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो धुतला आणि गच्चीवर निघून गेल्या. बऱ्याच वेळानं खाली आल्या तेव्हा डोळे लाल होते, आणि त्यांनी मला हरभऱ्याची डाळ किती घरात आहे ते बघायला सांगितलं.

पाहुणे आले. विहीणबाईंनी पायरीवरच सांगितलं, "थोडं खाऊन निघालोय बगा, नातवाला उशीर व्हतो म्हणून." सरांनी ऐकलं. चटया अंथरल्या होत्या. गोळी न घेता ते भिंतीला धरून खाली बसले. मांडी घालताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, जावई उठवायला पुढं आला तर त्याला हातानं थांबवलं. मग व्याह्यांकडं न बघता, समोरच्या रिकाम्या ताटाकडं बघत बोलले. मास्तरकीची सगळी वर्षं ज्या आवाजानं त्यांनी वर्ग गाजवला होता तो आवाज नव्हता.

"साखरपुड्याच्या दिवशी हिनं काही घातलं नव्हतं. मी पंगतीत बसता यावं म्हणून गोळी खाल्ली होती. ती गोळी मला बाधली. माझं मलाच कळायला इतका वेळ लागला."

विहीणबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "आता कशाला ते सर? आमाला तर आठवत बी न्हाई."

दारात काकू उभ्या होत्या. ते वाक्य त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. ज्या दिवसापायी त्यांनी शेजारणींपुढं केलेली बशी तशीच परत आत नेली, नातवाला बिस्किटावर सोपवलं, तो दिवस त्या लोकांना आठवतसुद्धा नव्हता, किंवा आठवत नाही म्हणणं त्यांना इतकं सोपं होतं. मला रडू आलं. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि वाढायला घेतलं. विहीणबाईंनी ताट पुढं ओढलं. नातू आधीच धोंडा हातात घेऊन बसला होता.

व्याही, जावई, विहीण, सगळ्यांना वाढून काकू सरांच्या ताटापाशी आल्या. हातात पुरणाच्या आमटीचं पातेलं, वर लाल तर्री. सगळे सरांच्या तोंडाकडं बघत होते, कुणी उघड, कुणी चोरून. काकूंनी डाव आमटीत बुडवला आणि तशाच थांबल्या. मग जरा वाकून, नव्या पाहुण्याला विचारतात तशा हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिखट कितपत चालतं तुमाला?"

सरांनी वर पाहिलं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "तूच बघ."

काकूंनी डावाच्या पाठीनं तर्री हळूच बाजूला सारली, खालची आमटी घेतली, आणि त्यांना वाढली.